शिखर काम्य, सोबत नित्य

भारतीय धर्मविचारात कोणत्याही कर्माचा आरंभ संकल्पाने होतो. स्थळ, काळ, कर्ता आणि हेतू यांचा स्पष्ट उच्चार करून अमुक कर्म करण्याचा निश्चय करणे म्हणजे संकल्प, आणि हा उच्चार झाला की त्या क्षणापासून कर्त्यावर एक बंधन येते असे मानले जाते. एकट्याच्या संकल्पातही पुरेशा अडचणी असतात, पण त्या निदान एकाच मनाच्या असतात. अनेक जण मिळून एकच संकल्प करतात तेव्हा मात्र तो संकल्प नेमका कोणाचा, त्यातून एखाद्याला केव्हा आणि कोणाच्या संमतीने बाहेर पडता येते, आणि फळ हाती येण्याआधीच काम सोडून दिले तर तो भंग ठरतो की नाही, असे प्रश्न उभे राहतात. हे प्रश्न यज्ञशाळेत फार पूर्वी उपस्थित झाले आणि त्यांची तेथे बारकाईने चर्चाही झाली. हिवाळ्यात बर्फाने झाकलेल्या उंच शिखरावर गटाने चढाई करण्याचा बेत आखताना हेच प्रश्न पुन्हा समोर येतात, आणि तेथे चुकीच्या उत्तराची किंमत परलोकात नव्हे तर त्याच दिवशी, त्याच देहाने मोजावी लागते.

अशा चढाईचे एक ठरावीक उदाहरण डोळ्यांसमोर असलेले बरे, आणि त्यासाठी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याचे सर्वांत उंच शिखर माउंट मार्सी सोयीचे आहे. अ‍ॅडिरॉन्डॅक पर्वतप्रदेशातील या शिखराची उंची १,६२९ मीटर आहे. भूवैज्ञानिक एबेनेझर एमन्स यांच्या नेतृत्वाखाली ५ ऑगस्ट १८३७ रोजी त्यावर झालेली चढाई ही पहिली नोंदलेली चढाई मानतात. हिमालयाच्या मानाने ही उंची किरकोळ वाटेल, तशी ती सह्याद्रीतील कळसूबाईच्या १,६४६ मीटरपेक्षाही थोडी कमीच आहे. परंतु ४४ अंश उत्तर अक्षांशावर, डिसेंबरअखेर जेमतेम नऊ तासांचा दिवस असताना, वृक्षरेषेच्या वर, म्हणजे ज्या उंचीपलीकडे झाडे वाढूच शकत नाहीत त्या उघड्या भागात, वाऱ्याला कशाचाही अडसर नसतो. उत्तरेकडून जाणारी नेहमीची वाट जाऊन-येऊन सुमारे २४ किलोमीटरची आणि साधारण ९६० मीटर चढाची आहे. उन्हाळ्यात धडधाकट माणूस ती एका दिवसात पार करतो. हिवाळ्यात तोच दिवस आखडतो आणि तीच वाट लांबते.

या वाटेवर हिवाळ्यात लागणारे मुख्य साधन म्हणजे स्नोशू. बुटाखाली बांधायची ही रुंद चौकट शरीराचा भार बर्फाच्या मोठ्या पृष्ठभागावर पसरवते, त्यामुळे पाय गुडघ्यापर्यंत रुतत नाही. उत्तर अमेरिकेच्या आदिवासी समाजांनी अ‍ॅश वृक्षाचे लाकूड वाकवून आणि त्यावर कच्च्या कातड्याच्या वाद्यांची वीण घालून हे साधन शेकडो वर्षे वापरले. आजच्या स्नोशूची चौकट अ‍ॅल्युमिनियमची किंवा कडक प्लास्टिकची असते, तळाशी धातूचे दात असतात आणि तीव्र चढावर पोटरीवरचा ताण कमी व्हावा म्हणून टाचेखाली उभी करता येणारी एक पट्टी असते. ताज्या, खोल बर्फात सर्वांत पुढच्या माणसाला वाट पाडावी लागते आणि त्याचे श्रम मागून येणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात. म्हणून थोड्या थोड्या वेळाने पुढचा माणूस बाजूला सरतो, सर्वांना पुढे जाऊ देतो आणि रांगेच्या शेवटी उभा राहतो. अशा रीतीने पुढारपण फिरत राहते, आणि शेवटून चालणाऱ्यालाही मळलेली वाट मिळते ती इतरांच्या श्रमाने. गट ही केवळ सोयीची गोष्ट न राहता चढाईची अटच होते ती इथेच.

गटाने चालणे म्हणजे काय, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नावर विसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात गंभीर विचार झाला. मार्गारेट गिल्बर्ट यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात दोन माणसांच्या एकत्र फिरायला जाण्याचेच उदाहरण घेतले. शेजारी शेजारी चालणारे दोन अनोळखी वाटसरू आणि एकत्र चालणारे दोन सोबती यांत बाहेरून काहीच फरक दिसत नसला, तरी सोबत्यांपैकी एक जण न सांगता झपाझप पुढे निघून गेला तर दुसऱ्याला त्याला टोकण्याचा हक्क पोचतो, अनोळखी वाटसरूला तो पोचत नाही. गिल्बर्ट यांच्या मते या हक्काच्या मुळाशी एक संयुक्त बांधिलकी असते, आणि ती एकट्याने जोडलेली नसल्यामुळे एकट्याला ती मोडताही येत नाही. बाहेर पडायचे तर दुसऱ्याची संमती लागते. त्याआधी, १९८७ साली, मायकेल ब्रॅटमन यांनी बेत आणि इच्छा यांतला भेद दाखवून दिला होता. इच्छा क्षणोक्षणी बदलू शकते. बेत मात्र पुनर्विचाराला विरोध करतो, कारण तसा तो करत नसेल तर त्याच्या आधारावर पुढची कोणतीच गोष्ट ठरवता येणार नाही. पहाटे चार वाजता निघायचे ठरले की जेवणाची, झोपेची, गाडीची वेळ त्यावरून ठरते. चारचा प्रश्न रात्रभर उघडा ठेवणाऱ्याकडे बेत नसतो, नुसती हौस असते.

ही दोन्ही मते मोलाची आहेत, परंतु बर्फाच्या डोंगरावर ती तशीच लागू केली तर अपुरी पडतात, आणि त्यांची उणीव जेथे भरून निघू शकते ते ठिकाण बरेच जुने आहे. पूर्वमीमांसा, म्हणजे वेदातील विधिवाक्यांचा अर्थ लावणारे शास्त्र, जैमिनीच्या सूत्रांपासून आणि त्यांवरील शबरस्वामींच्या भाष्यापासून ‘कोणते कर्म, कोणी, कोणत्या परिस्थितीत, किती पूर्णपणे करायचे’ याच प्रश्नांत गुंतलेले आहे. या शास्त्रातील विषयांची मांडणी पाहायची तर वाईच्या प्राज्ञपाठशाळेने प्रसिद्ध केलेला केवलानंदसरस्वतींचा बहुखंडी मीमांसाकोश आजही हाताशी आहे. यज्ञ आज जवळजवळ कोणी करत नाही म्हणून हे शास्त्र मृत झाले असे समजणे चुकीचे ठरेल; कर्माच्या रचनेचे इतके सूक्ष्म पृथक्करण फार थोड्या परंपरांनी केले आहे.

मीमांसक कर्मांचे मुख्यतः तीन वर्ग करतात. काम्य कर्म म्हणजे विशिष्ट फळाच्या इच्छेने केलेले कर्म: पाऊस हवा असणाऱ्याने अमुक इष्टी करावी, स्वर्ग हवा असणाऱ्याने अमुक याग करावा. नित्य कर्म कोणत्याही इच्छेवर अवलंबून नसते. अग्निहोत्र जन्मभर करायचे ते काही मिळावे म्हणून नव्हे. नैमित्तिक कर्म एखादे निमित्त घडले की कर्तव्य होते, जसे घर जळाले तर करायची विशिष्ट इष्टी. आता प्रत्येक यागात एक प्रधान, म्हणजे मुख्य क्रिया असते आणि तिला साहाय्य करणारी अनेक अंगे असतात, आणि एखादे अंग करणे शक्यच नसेल तर काय करायचे हा प्रश्न जैमिनीच्या सहाव्या अध्यायात येतो. त्याचे उत्तर कर्माच्या वर्गानुसार वेगळे आहे. नित्य कर्म यथाशक्ती करावे. एखादे अंग राहिले तरी चालेल, कर्म सोडू मात्र नये. काम्य कर्माला ही सवलत नाही. सर्व अंगे जमवता येत असतील तरच त्याचा आरंभ करावा, कारण ते करण्याची सक्ती कोणीच केलेली नाही. ते इच्छेपोटी ओढवून घेतलेले आहे.

गिर्यारोहणाच्या नियोजनाचा पाया म्हणून या भेदाइतका नेमका भेद दुसरीकडे सापडणे कठीण आहे. शिखर हे काम्य आहे. हिवाळ्यात मार्सीच्या माथ्यावर जावे असे कोणतेही शास्त्र सांगत नाही, कोणतेही कर्तव्य त्यावाचून अडत नाही. म्हणूनच त्याची अंगे अपुरी असताना निघण्याला काहीही समर्थन नाही: कोणाचे स्नोशू तुटलेले असतील, कोणाकडे डोक्यावरचा दिवा नसेल, गटाकडे बर्फ वितळवून पाणी करण्यासाठी स्टोव्ह किंवा जखमी माणसाला गुंडाळण्यासाठी झोपायची पिशवी नसेल, तर ‘चालवून घेऊ’ हे उत्तर काम्य कर्मात बसत नाही. याउलट सोबत्याविषयीचे कर्तव्य नित्याच्या जातीचे आहे. काटेकोर बोलायचे तर ते नैमित्तिक आहे, कारण एकत्र निघणे हे त्याचे निमित्त. पण अंगांच्या बाबतीत नैमित्तिकालाही नित्याचाच नियम लागतो. पाय मुरगळलेल्या सोबत्याला खाली आणायचे तर ते अपुऱ्या साधनांनी, अपुऱ्या उजेडात, जमेल तसे का होईना, करायचेच असते. ‘साहित्य पुरेसे नाही’ हे कारण तेथे चालत नाही. बऱ्याच दुर्घटनांत या दोन नियमांची नेमकी अदलाबदल झालेली दिसते: शिखराच्या बाबतीत ‘जमेल तसे’ आणि सोबत्याच्या बाबतीत ‘परिस्थिती अनुकूल असेल तर’.

येथे एक आक्षेप निर्माण होतो, आणि तो हलका नाही. मीमांसकांच्याच मते काम्य कर्म एकदा आरंभले की पूर्ण केलेच पाहिजे. मध्येच फळाची इच्छा नाहीशी झाली, किंवा फळ आधीच मिळून गेले, तरीही. मग अर्ध्या वाटेवरून परत फिरणे हा संकल्पाचा भंग ठरत नाही का? शबरभाष्यात या नियमामागे जे कारण दिले आहे ते मोठे मानवी आहे: सुरुवात करून सोडून देणाऱ्याची शिष्ट लोक निंदा करतात. पुढच्याच विचारात मात्र असे ठरवले आहे की हा नियम वेदविहित कर्मांपुरता आहे; लौकिक कामे, म्हणजे माणसाने स्वतःच्या सोयीसाठी हाती घेतलेली कामे, मध्येच सोडायला हरकत नाही. डोंगर चढणे हे निःसंशय लौकिक काम आहे. परंतु चढणारा माणूस नेमका उलटे वागतो: लौकिक कामाला तो वैदिक कर्माचा नियम लावतो, आणि तोही त्याच कारणाने, म्हणजे लोक आरंभशूर म्हणतील या भीतीने. माथा दोनशे मीटरवर राहिलेला असताना परतणाऱ्या गटावर जी अदृश्य निंदा झाकोळून असते ती कोणाच्या तोंडून आलेली नसते. प्रत्येक जण ती इतरांच्या वतीने स्वतःलाच ऐकवत असतो.

पण केवळ ‘हे लौकिक आहे, सोडता येते’ एवढे म्हणून भागत नाही, कारण गटाने दिलेली वचने लौकिक असली तरी पोकळ नसतात. खरा उलगडा संकल्पात काय होते याकडे पाहिल्यावर होतो. ‘मार्सीच्या माथ्यावर जायचे’ असा संकल्प केला असेल तर परत फिरणे हा भंगच आहे. ‘दुपारी एक वाजेपर्यंत जेथे पोचू तेथून परत फिरायचे, आणि तोवर माथा आला तर माथ्यावरून’ असा संकल्प केला असेल तर एक वाजता परत फिरणे ही त्याची पूर्तता आहे. परतीची ही आधी ठरवलेली वेळ नियोजनाच्या टिपणात बहुधा तळाशी, सावधगिरीची सूचना म्हणून येते. वास्तविक ती मुख्य वाक्यात यायला हवी. संकल्पात देशाबरोबर काळाचाही उच्चार करावा लागतो, ही जुन्या विधीतली तरतूद येथे अक्षरशः लागू पडते.

परतीची वेळ उबदार खोलीत, नकाशा समोर ठेवून ठरवलेली असते, तर ती पाळायची असते कड्यावर, वाऱ्यात, गारठलेल्या मनाने. शरीराचे तापमान घसरू लागले की निर्णयशक्ती मंदावते, आणि ज्याची ती मंदावलेली असते त्याला स्वतःला ते कळत नाही; तो ‘ठीक आहे’ म्हणत राहतो. तेव्हा या दोन मनांपैकी कोणाचे म्हणणे ग्राह्य धरायचे? बेत पुनर्विचाराला विरोध करतो हे ब्रॅटमन यांचे सूत्र येथे अर्धेच खरे ठरते. बेताने पुनर्विचाराला एकाच दिशेने विरोध करायला हवा. ठरलेल्या वेळेआधी परत फिरायचे असेल तर ते केव्हाही, कोणाही एकाच्या शब्दावर करता यावे. ठरलेल्या वेळेनंतर पुढे जायचे असेल तर मात्र सर्वांची एकमुखी संमतीही अपुरी मानावी. गिल्बर्ट यांच्या मांडणीप्रमाणे संयुक्त बांधिलकी सर्वांच्या संमतीने बदलता येते. डोंगरावर ती मांडणी उलटी करावी लागते, कारण तेथली एकमुखी संमती बहुतेक वेळा संमती नसतेच. पहिले ‘नाही’ उच्चारण्याचे ओझे कोणालाच नको असते, प्रत्येक जण दुसऱ्याच्या मौनाचा अर्थ उत्साह असा लावतो, आणि आठ माणसांच्या आठ शंका मिळून एक होकार तयार होतो. अशा होकाराला नैतिक वजन देणे म्हणजे भीतीला मताधिकार देणे होय.

गटसंकल्पाचा सर्वांत समृद्ध नमुना मीमांसेत सत्र या यागप्रकारात आढळतो. बारा किंवा अधिक दिवस चालणाऱ्या या सोमयागात याग ज्याच्यासाठी होतो तो एक यजमान आणि त्याने दक्षिणा देऊन नेमलेले ऋत्विज, म्हणजे याज्ञिक पुरोहित, अशी नेहमीची रचना नसते. कमीत कमी सतरा आणि जास्तीत जास्त चोवीस जण एकत्र येतात, सर्व जण यजमान असतात आणि तेच आपापसांत ऋत्विजांची कामे वाटून घेतात. कोणी कोणाचा नोकर नसल्यामुळे दक्षिणा नसते. त्यांच्यातील एक जण गृहपती होतो, काही कृत्ये त्याने एकट्याने करायची असतात, पण म्हणून इतरांचे यजमानपण उणे होत नाही. पगारी मार्गदर्शकाबरोबर जाणारा गट आणि समान सभासदांनी स्वतः आखलेली मोहीम यांतला फरक याहून नेमका सांगता येणार नाही. पहिल्यात पैसे मोजणाऱ्याची इच्छा हेच कर्माचे कारण असते आणि मार्गदर्शक ऋत्विजाच्या जागी असतो. दुसऱ्यात आळीपाळीने वाट पाडणारा प्रत्येक जण यजमान असतो आणि नेता हा फक्त गृहपती. (मार्सीभोवतीच्या संरक्षित प्रदेशात दिवसभराच्या गटाला १५ आणि मुक्कामी गटाला ८ जणांची कायदेशीर मर्यादा आहे, त्यामुळे यथाविधी सत्राला तेथे परवानाच मिळाला नसता.)

सत्राविषयी जैमिनीने उपस्थित केलेला एक प्रश्न असा: सतरा जणांनी मिळून केलेल्या कर्माचे फळ सतरा वाट्यांत विभागले जाते काय? निर्णय असा की नाही. प्रत्येकाला पूर्ण फळ मिळते. हा निर्णय मानला तर चढाईतील एका जुन्या दुखण्यावर इलाज सापडतो. गटातील सहा जण माथ्यावर पोचले आणि दोघे खाली थांबले तर ‘शिखर कोणी सर केले’ हा हिशेब सुरू होतो, आणि या हिशेबाच्या धास्तीने थांबायला हवे असलेला माणूस थांबत नाही. फळ गटाचे आणि तरीही प्रत्येकाचे पूर्ण, ही कल्पना भावुक सांत्वन म्हणून नव्हे तर कर्माच्या रचनेतून निघालेला निष्कर्ष म्हणून मांडली गेली आहे: कर्ता जर सर्व मिळून एक असेल तर कर्तृत्वाचे तुकडे पडत नाहीत.

सत्राचा दुसरा नियम कठोर आहे. सत्रात सामील होण्याचा उच्चार करून नंतर जो ते करत नाही त्याने विश्वजित् याग करावा, आणि विश्वजित् यागात सर्वस्व दक्षिणा म्हणून द्यायचे असते. आदल्या रात्री निरोप पाठवून अंग काढून घेणाऱ्याला इतकी शिक्षा कोणी सुचवणार नाही. परंतु नियमामागची दृष्टी योग्य आहे. त्याच्या पाठपिशवीत गटाचा एकमेव स्टोव्ह असतो, त्याच्या असण्यावर वाट पाडण्याच्या पाळ्या मोजलेल्या असतात, आणि त्याच्या जाण्याने इतरांचे काम्य कर्म अंगहीन होते. तिसरा नियम मात्र डोंगरावर स्वीकारता येत नाही. सत्र चालू असताना एखादा यजमान मरण पावला तर संख्या भरण्यासाठी दुसऱ्याला आणावे, पण तो केवळ काम करणारा, फळाचा भागीदार नव्हे, असे मीमांसक ठरवतात. ऐनवेळी संख्या भरायला बोलावलेला माणूस डोंगरावर असा दुय्यम राहिला तर ‘परत फिरू या’ म्हणायला तो सर्वांत शेवटी धजावेल, आणि अनेकदा नेमका तोच सर्वांत कमी तयारीचा असतो.

कोणाला घ्यायचे हा विचार मीमांसेत अधिकार या नावाने येतो. अधिकार म्हणजे हक्क आणि पात्रता यांचा संगम: फळाची इच्छा, कर्म करण्याचे सामर्थ्य आणि त्याचे ज्ञान. नेत्याने इच्छुकांना विचारायचे प्रश्न याच तिहींत बसतात, आणि त्यांत सर्वांत फसवी असते ती इच्छा, कारण ती सर्वांत ठळक दिसते. या अधिकारविचाराने वर्णाच्या आधारे बहुसंख्य समाजाला यज्ञाबाहेर ठेवले हेही येथेच सांगितले पाहिजे. जैमिनीच्या सूत्रांतच बादरी या आचार्यांचे सर्वांना अधिकार देणारे मत नोंदवलेले आहे, ते पुढे फेटाळले गेले, आणि त्यात त्या शास्त्राचेच नुकसान झाले. सामर्थ्य आणि ज्ञान ही मिळवता येणारी पात्रता आहे. जन्म ही पात्रताच नव्हे.

नियोजनातला आणखी एक नियम गटाच्या पलीकडे जातो. मार्सीच्या प्रदेशात आठ इंच, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर किंवा अधिक बर्फ असेल तेव्हा स्नोशू किंवा स्की वापरणे कायद्याने सक्तीचे आहे. नुसत्या बुटांनी चालणाऱ्याचे पाय रुतून वाटेत खोल खड्डे पडतात, ते रात्री गोठतात आणि दुसऱ्या दिवशी येणाऱ्याचा पाय त्यांत मोडू शकतो. मीमांसक नियमांचे दोन प्रकार करतात: क्रत्वर्थ, म्हणजे यज्ञ नीट पार पडावा म्हणून असलेला, आणि पुरुषार्थ, म्हणजे कर्त्याच्या भल्यासाठी असलेला. खोटे बोलू नये हा सर्वसाधारण नियम पुरुषार्थ, पण अमावास्या-पौर्णिमेच्या दर्शपूर्णमास यागात तोच नियम क्रत्वर्थ म्हणून पुन्हा सांगितला आहे, तो मोडला तर यागच बिघडतो. स्नोशूचा नियम या दोहोंत पुरता मावत नाही. तो चालणाऱ्यासाठी नाही, चढाईसाठीही नाही. तो उद्या येणाऱ्या अनोळखी माणसासाठी आहे, ज्याच्याशी गिल्बर्ट यांच्या अर्थाने कोणतीही बांधिलकी जुळलेली नाही. यज्ञशास्त्राने अशा माणसाचा फारसा विचार केला नाही, कारण यज्ञभूमीवरून दुसऱ्या दिवशी दुसरा कोणी चालत जाणार नव्हता.

या सर्व चर्चेला एक सोपा पर्याय नेहमी सुचवला जातो: गीतेप्रमाणे फळाची आसक्ती सोडून चढावे, म्हणजे परतताना दुःख नाही. हा उपदेश चढाईच्या संदर्भात जितका वापरला जातो तितका तो पेलत नाही. शिखराची इच्छाच नसेल तर पहाटे चारला कोणी उठणार नाही, आणि इच्छा असूनही ती नाही असे भासवणारा गट परतीच्या वेळी सर्वांत दुबळा ठरतो, कारण ज्या ओढीशी झुंजायचे ती त्याने मान्यच केलेली नसते. काम्याला काम्य म्हणून ओळखणे हे अधिक प्रामाणिक आहे. शिवाय फळ किती सांकेतिक असते हेही विसरू नये. रॉबर्ट आणि जॉर्ज मार्शल हे बंधू आणि त्यांचे वाटाडे हर्बर्ट क्लार्क यांनी १९१८ ते १९२५ या काळात अ‍ॅडिरॉन्डॅकमधील ४,००० फुटांवरील मानली गेलेली ४६ शिखरे सर केली. पुढच्या मोजणीत त्यांतील चार शिखरे ४,००० फुटांहून कमी भरली, तरी ती यादीत राहिली आणि आजही लोक ती पूर्ण करण्यासाठी हिवाळ्यात जीव टाकतात.

महाभारतातील महाप्रस्थान ही भारतीय परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध गटचढाई. पाच पांडव, द्रौपदी आणि एक कुत्रा हिमवान ओलांडून जातात. द्रौपदी, सहदेव, नकुल, अर्जुन, भीम क्रमाने कोसळतात, आणि युधिष्ठिर प्रत्येकाचा दोष सांगून मागे न पाहता चालत राहतो. पुढे इंद्राने कुत्र्याला सोडून रथात बसायला सांगितल्यावर तो नकार देतो, आणि भावांना टाकून आलास मग याला का नाही, या प्रश्नाला त्याचे उत्तर असे की मेलेल्यांशी सख्य किंवा वैर उरत नाही, त्यांना जिवंत करणे शक्य नव्हते. जिवंत असताना त्याने कोणालाही टाकले नाही. हे उत्तर काम्य आणि नित्य यांच्या भेदाशी अगदी जुळते: स्वर्ग काम्य, तो सोडता येतो, आश्रिताची सोबत सोडता येत नाही. तरीही एक शंका राहते. कोसळलेला प्रत्येक जण खरोखर मृत होता याची खातरजमा मागे न पाहणाऱ्याने कशी केली, याविषयी कथा मौन बाळगते. महाप्रस्थानात परतीची वेळ नव्हती आणि असण्याचे कारणही नव्हते. ज्या प्रवासातून परतायचे असते त्याला ते आदर्श म्हणून लावणे धोक्याचे आहे.

शेवटी मतभेदाचा प्रश्न राहतो. गट परत फिरायचे ठरवतो आणि दोघांना पुढे जायचे असते, तेव्हा त्यांना अडवण्याचा हक्क कोणाला आहे? सक्ती कोणी करू शकत नाही, आणि एकट्याने बांधिलकी मोडता येत नाही असे म्हटल्याने मोडणारा थांबत नाही. म्हणून हा प्रश्न माथ्याजवळ नव्हे, निघण्यापूर्वी संख्येच्या रूपाने सोडवावा लागतो. हिवाळी चढाईसाठी किमान चौघे असावेत असा रूढ सल्ला आहे: एक जखमी झाला तर एकाने त्याच्याजवळ थांबायचे आणि दोघांनी मिळून मदत आणायची. आठ जणांचा गट आधी ठरले असेल तर चार-चारांत विभागता येतो, पण दोन्ही चौकड्यांकडे स्वतंत्र स्टोव्ह, नकाशा, दिवे आणि झोपायची पिशवी असेल तरच, आणि परतीची वेळ दोहोंनाही तीच. सहा किंवा सात जणांना ही मुभा नाही. त्यांच्यातील एकाचेही ‘परत’ हे सर्वांचे ‘परत’ असते, आणि हे ज्याला मान्य नसेल त्याचे नाव यादीत घालण्यापूर्वीच त्याला तसे सांगायला हवे.